‘नो पासा नादा’: धीर देणारे शब्द कधी बोचतात?

स्पॅनिश मालिका पाहायची सवय असेल, तर हे वाक्य तुमच्या कानावरून नक्की गेलं असेल: ‘नो पासा नादा’. पाहुण्याच्या हातून कप फुटला, यजमान म्हणतो, ‘नो पासा नादा’. मैत्रीण अर्धा तास उशिरा आली, ‘नो पासा नादा’. बसमध्ये कुणाचा पाय आपल्या पायावर पडला, तरी तेच. शब्दशः अर्थ आहे, ‘काही घडत नाही’. म्हणजे आपलं ‘असू दे’, ‘काही नाही हो’, ‘जाऊ दे’.

आता दुसरा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. एका मुलीची नोकरी गेली आहे. ती रडवेली होऊन घरी सांगते आणि घरातलं कुणीतरी मोबाइलवरची नजर न काढता म्हणतं, ‘नो पासा नादा’. शब्द तेच, उच्चारही तोच. पण पहिल्या प्रसंगात ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडला होता. इथे मात्र तिला वाटतं, आपलं बोलणं ऐकूनच घेतलं नाही.

स्पॅनिश ही जगात सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे. आपल्याकडेही कुणी परदेशी ग्राहकांशी बोलण्याच्या नोकरीसाठी, कुणी पुढच्या शिक्षणासाठी, कुणी फुटबॉलच्या वेडापायी ती शिकतं. मोबाइलवरचं ॲप ‘नो पासा नादा’चा अर्थ एका ओळीत सांगून मोकळं होतं. ते वाक्य धीर कधी देतं आणि धुडकावतं कधी, हे मात्र सांगत नाही. आज तेच समजून घेऊया. तुम्ही स्पॅनिश शिकत नसाल, तरी हरकत नाही. यातलं बरंचसं आपल्या घरातही उपयोगी पडणारं आहे.

कप कोणाचा फुटला?

सगळ्यात आधी एक सोपी खूण लक्षात ठेवा. नुकसान कोणाचं झालं आहे, ते पाहा.

कप माझा होता, फुटला तुमच्या हातून. अशा वेळी मी ‘नो पासा नादा’ म्हणाले, तर मी माझं नुकसान सोडून देते आहे. तो माझा मोठेपणा. तुमच्या मनावरचं ओझं त्याने उतरतं.

पण नुकसान तुमचं असेल आणि मी ‘नो पासा नादा’ म्हणाले, तर? मग मी तुमच्या वतीने ठरवून टाकलं की तुमचं काही गेलंच नाही. जे माझं नाही ते सोडून द्यायचा मला काय अधिकार?

स्पेनमध्ये परीक्षेत नापास झालेल्या मित्रालाही ‘नो पासा नादा’ म्हणतात, हे खरं. पण तिथे बहुतेक वेळा त्याला पुढे काहीतरी जोडलेलं असतं. खांद्यावर हात असतो, ‘पुढच्या वेळी निघेल’ असं वाक्य असतं, नाहीतर ‘चल, कॉफी प्यायला जाऊ’ असतं. एकटं, सुटं ‘नो पासा नादा’ मात्र कोरडं वाटतं.

मराठी माणसाला हे लवकर का कळतं?

स्पॅनिशची काही वळणं इंग्रजीपेक्षा मराठीला जवळची आहेत, हे कळलं की गंमत वाटते.

ग्लास पडला, तर इंग्रजी माणूस सरळ ‘मी ग्लास पाडला’ अशा अर्थाचं वाक्य बोलतो. स्पॅनिश माणूस म्हणतो, ‘से मे कायो एल बासो’. म्हणजे जवळजवळ आपलं ‘माझ्या हातून ग्लास पडला’. विसरलं तरी ‘से मे ओल्बिदो’, म्हणजे ‘माझ्याकडून राहून गेलं’. मुद्दाम केलं नाही, घडलं, हे दोन्ही भाषा वाक्याच्या रचनेतच सांगून टाकतात. एकाने ‘माझ्या हातून पडला’ म्हणायचं आणि दुसऱ्याने ‘काही नाही हो’ म्हणायचं. अर्धी माफी रचनेत असते, उरलेली उत्तरात मिळते.

दुसरं साम्य ‘तू’ आणि ‘तुम्ही’चं. स्पॅनिशमध्येही जवळच्या माणसाला चक्क ‘तू’ म्हणतात. उच्चार तोच, अर्थही तोच! आणि मान द्यायचा असेल तर ‘उस्तेद’. म्हणून ‘काळजी करू नकोस’ला ‘नो ते प्रेओकूपेस’ आणि ‘काळजी करू नका’ला ‘नो से प्रेओकूपे’. बँकेतल्या वयस्कर ग्राहकाला किंवा मित्राच्या आजीला पहिल्याच भेटीत ‘नो ते प्रेओकूपेस’ म्हटलं, तर काही ठिकाणी ते खटकू शकतं. कुणाला कधी ‘तू’ म्हणायचं याच्या चाली मात्र देशागणिक वेगळ्या आहेत. स्पेनमध्ये लोक लवकर ‘तू’वर येतात. कोलंबियात काही भागांत घरातल्या माणसांनाही ‘उस्तेद’ म्हणतात. शंका असेल तिथे ‘उस्तेद’ म्हणावं, समोरच्याने सांगितलं की मग ‘तू’.

‘प्रेओकूपार’ या क्रियापदाच्या पोटातला अर्थही छान आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आधीच जागा अडवणं. म्हणजे काळजी ही अजून न घडलेल्या गोष्टीने मनात अडवून ठेवलेली जागा. ‘नो ते प्रेओकूपेस’ म्हणजे ‘ती जागा आत्तापासून देऊ नकोस’.

‘त्रांकीलो’ आणि १९८१ ची ती रात्र

धीर देण्यासाठी सर्रास वापरला जाणारा आणखी एक शब्द म्हणजे ‘त्रांकीलो’. अर्थ, शांत हो, घाबरू नकोस. समोर बाई असेल तर ‘त्रांकीला’, अनेक जण असतील तर ‘त्रांकीलोस’. आपल्या ‘घाबरलेला, घाबरलेली, घाबरलेले’सारखा हा शब्द माणसाप्रमाणे बदलतो.

स्पेनमध्ये या शब्दाला एक इतिहास आहे. २३ फेब्रुवारी १९८१ च्या संध्याकाळी लेफ्टनंट कर्नल आंतोनियो तेखेरो सशस्त्र शिपाई घेऊन माद्रिदच्या संसदेत घुसला. नव्या पंतप्रधानांसाठी मतदान चालू होतं. खासदारांना रात्रभर ओलीस ठेवलं गेलं. हुकूमशहा फ्रँको जाऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. लोकशाही नवी होती आणि ती पुन्हा जाणार की काय, अशी भीती देशभर पसरली. त्या रात्री कातालोनियाचे प्रमुख जोर्दी पुजोल यांनी राजे हुआन कार्लोस यांच्याशी फोनवर बोलणं केलं. पुजोल यांनी नंतर सांगितलं की राजे म्हणाले, ‘त्रांकीलो, जोर्दी, त्रांकीलो’. हे तीन शब्द पुढे स्पेनमध्ये इतके गाजले की आजही त्या रात्रीचा विषय निघाला की लोकांना ते आठवतात.

पण ते शब्द पोकळ का ठरले नाहीत? कारण त्यामागे कृती होती. मध्यरात्र उलटल्यावर राजे लष्करी गणवेशात टीव्हीवर आले आणि आपण राज्यघटनेच्या बाजूने उभे आहोत, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या दिवशी बंड संपलं. त्यांनी टीव्हीवर यायचं टाळलं असतं, तर हेच शब्द पुढे थट्टेने सांगितले गेले असते.

इथे दुसरी खूण मिळते. ‘शांत हो’ म्हटल्यावर पुढे काय करता, ते पाहा. शब्दानंतर कृती आली तर तो धीर. नुसता शब्द आला आणि विषय संपला, तर ती टाळाटाळ.

आणखी एक सावधगिरी. भांडणात चिडलेल्या माणसाला ‘त्रांकीलो’ म्हणू नका. आपल्याकडे रागावलेल्या बायकोला ‘तू आधी शांत हो’ म्हटल्यावर जे होतं, तेच तिकडेही होतं.

देश बदलला की धीराचे शब्द बदलतात

स्पॅनिश २० देशांची राजभाषा आहे. त्यामुळे माद्रिदच्या शिक्षकाकडून शिकलेलं सगळंच मेक्सिकोत तसंच ऐकू येईल, असं नाही.

मेक्सिकोत मित्र-मैत्रिणी ‘नो आय ब्रोंका’ म्हणतात, म्हणजे ‘काही लफडं नाही’. तिथला खास शब्द मात्र ‘नी मोदो’. पाऊस आला, सहल रद्द झाली, ‘नी मोदो’. बस चुकली, ‘नी मोदो’. आपलं ‘काय करणार!’ किंवा ‘चालायचंच’. जे आपल्या हातात नाही, त्याच्याशी भांडत न बसता पुढे चालायचं. मात्र जे हातात आहे, त्यालाही ‘नी मोदो’ म्हटलं की तो आळस होतो, अशी कुरकुर मेक्सिकन लोक स्वतःच करतात. मेक्सिकोतला ‘आओरीता’ही असाच फसवा. शब्दाने ‘अगदी आत्ता’, पण प्रत्यक्षात पाच मिनिटांपासून संध्याकाळपर्यंत काहीही. आपल्याकडच्या ‘निघालोच, पोचतो पाच मिनिटांत’ची आठवण येते ना?

अर्जेंटिनात ‘नो आय द्रामा’ ऐकू येतं. नाटक कशाला, काही बिघडलं नाही. तिथेच ‘या फ्वे’ हा छोटासा शब्दप्रयोगही आहे. शब्दशः ‘होऊन गेलं’, म्हणजे आता सोडून दे. कोलंबियात मित्राला ‘फ्रेस्को’ म्हणतात. मूळ अर्थ ताजा, गार. म्हणजे डोकं थंड ठेव.

स्पेनमध्ये ‘बेंगा’ या एकाच शब्दावर अर्धा दिवस निघतो. ‘बेंगा’ म्हणजे ‘चल, ऊठ, जमेल तुला’. फोन ठेवताना ‘बेंगा’ म्हणजे ‘चला मग’. आणि आवाज चढवून ‘बेंगा या!’ म्हटलं, तर ‘काहीतरीच काय!’. एकाच शब्दात उभारी, निरोप आणि अविश्वास. आपला ‘चल’सुद्धा ही तिन्ही कामं करतोच. ‘चल, होईल’, ‘चल, ठेवते’ आणि ‘चल, काहीतरीच!’ असं एकदा मोठ्याने म्हणून पाहा.

लहान मुलांना मात्र सगळीकडे सारखीच माया. मूल पडलं, गुडघा खरचटला, की आई जवळ घेऊन म्हणते, ‘या पासो, या पासो’. म्हणजे ‘गेलं, गेलं, संपलं’. लॅटिन अमेरिकेत त्याच्या जोडीला बेडकाच्या शेपटीवरचं एक बडबडगीत असतं. दुखऱ्या जागेवर हात फिरवत ते म्हणायचं, आज बरं नाही वाटलं तर उद्या वाटेल, अशा अर्थाचं. आपण ‘उगी उगी’ म्हणत जमिनीलाच एक चापट मारतो, तसंच. इथे कुणी ‘काही झालं नाही’ म्हणत नाही. झालं, आणि आता गेलं, असं म्हणतात. हा फरक बारीक आहे, पण मोलाचा आहे.

या शब्दांचा एक धागा गोव्यापर्यंत येतो. गोव्यातला ‘सुशेगाद’ हा शब्द पोर्तुगीज ‘सोसेगादु’वरून आला. अर्थ शांत, निवांत. स्पॅनिशमध्ये त्याचंच भावंड आहे, ‘सोसेगादो’. गोव्याबाहेरचे लोक ‘सुशेगाद’चा अर्थ आळशी असा लावतात आणि गोंयकारांना ते बोचतं. निवांतपणाचा शब्दही ऐकणारा कसा घेतो, त्यावर बरंच अवलंबून असतं.

जिरं, काकडी आणि चाकवताची भाऊबंद

आता धुडकावण्याकडे वळू. ‘मला काही फरक पडत नाही’ हे ठसक्यात सांगायला स्पॅनिश माणूस थेट भाजीबाजारात जातो.

‘मे इंपोर्ता उन पेपीनो’, म्हणजे ‘मला त्याचं महत्त्व एका काकडीएवढं’. काकडीऐवजी ‘राबानो’ म्हणजे मुळा येतो, ‘पिम्येंतो’ म्हणजे ढोबळी मिरची येते आणि ‘कोमीनो’ म्हणजे जिरंही येतं. एका जिऱ्याएवढी किंमत! याच यादीत ‘ब्लेदो’ नावाची एक रानभाजी आहे. ती आपल्या माठ-चाकवताच्या कुळातली. किंमत करायची नाही, तर कुठेही उगवणाऱ्या पालेभाजीएवढी करायची.

आपण तरी काय वेगळं करतो? ‘कुणी हिंग लावून विचारत नाही’ हे आपलंच. ‘काडीची किंमत नाही’, ‘फुटकी कवडी देणार नाही’ हेही आपलंच. त्यांच्याकडे जिरं, आपल्याकडे हिंग. फोडणी दोन्हीकडे पडते.

आणि कुणाला ‘गेलास उडत’ म्हणायचं असेल, तर स्पेनमध्ये ‘बेते आ फ्रेईर एस्पारागोस’. म्हणजे ‘जा, शतावरीचे कोंब तळत बस’. यातल्या कुठल्याच शब्दात शिवी नाही, म्हणून घरातही चालून जातात. पण चालून जातात म्हणजे लागत नाहीत, असं नाही. परक्या माणसाशी किंवा कामाच्या ठिकाणी ते वापरू नयेत. समजले म्हणजे पुरे.

एका ‘मे’ने होणारा घोटाळा

नव्याने शिकणाऱ्यांची हमखास फसगत होते ती इथे.

‘नो इंपोर्ता’ म्हणजे ‘काही बिघडत नाही’. समोरच्याने उशिराबद्दल माफी मागितली, तर हे उत्तर अगदी योग्य. त्यात एक ‘मे’ घातला की ‘नो मे इंपोर्ता’. अर्थ, ‘मला फरक पडत नाही’. आवाज मऊ असेल तर त्याचा अर्थ ‘माझी हरकत नाही’ असाही होतो. पण कुणी मन मोकळं करत असताना हेच म्हटलं, तर ‘मला तुझ्याशी काय देणंघेणं!’ असं ऐकू येतं.

‘मे दा इग्वाल’चंही तसंच. ‘मला दोन्ही सारखंच’. चहा की कॉफी, असं विचारल्यावर ते खुशाल म्हणा. पण ‘माझ्या वाढदिवसाला येशील ना?’ या प्रश्नाला ‘मे दा इग्वाल’ म्हणालात, तर मैत्री गेलीच म्हणून समजा. ‘नवा सिनेमा की जुना?’ असं नवऱ्याने विचारल्यावर ‘काहीही’ म्हणणं आणि ‘आज बाहेर जाऊया का?’ यावर ‘काहीही’ म्हणणं, यातला फरक तुम्हाला ठाऊक आहेच.

ज्यांना स्पॅनिश ग्राहकांशी फोनवर बोलायचं असतं, त्यांनी पहिली खूण विसरू नये. ग्राहकाचे पैसे कापले गेले आहेत, म्हणजे नुकसान त्याचं आहे. तिथे ‘नो पासा नादा’ म्हटलं तर तो भडकणारच. ‘नो से प्रेओकूपे, आओरा मीस्मो लो रेबीसो’ म्हणा. म्हणजे ‘काळजी करू नका, मी आत्ता लगेच तपासते’. धीर आणि कृती एकाच वाक्यात.

‘एवढं काय त्यात?’

धुडकावण्याचा सगळ्यात त्रासदायक प्रकार ओळखायला कठीण असतो, कारण तो धीराचे कपडे घालून येतो. स्पॅनिशमध्ये त्याचं नाव ‘नो एस पारा तांतो’. शब्दशः, ‘एवढं काही नाही ते’. आपलं ‘एवढं काय त्यात?’, ‘फार मनावर घेतेस तू’.

हे वाक्य घरापुरतं राहत नाही. गॅब्रिएल गार्सिया मार्केस यांची ‘एकाकीपणाची शंभर वर्षं’ या अर्थाच्या नावाची कादंबरी १९६७ साली आली. त्यात केळीच्या मळ्यांतल्या संपकरी कामगारांवर सैन्य गोळीबार करतं आणि नंतर गावात सगळे एकच गोष्ट सांगत राहतात, की काही घडलंच नाही. ज्याने डोळ्यांनी पाहिलं, त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. या प्रसंगामागे खरी घटना आहे. डिसेंबर १९२८ मध्ये कोलंबियातल्या स्येनागा गावी अमेरिकन फळकंपनीच्या संपकरी कामगारांवर सैन्याने गोळ्या चालवल्या. किती जण गेले, यावर आजही वाद आहे. कप फुटल्यावर गोड वाटणारं ‘काही नाही झालं’ सत्तेच्या तोंडी आलं, की त्याखाली माणसं गाडली जातात.

अगदी अलीकडचं उदाहरणही आहे. २० ऑगस्ट २०२३ रोजी सिडनीत स्पेनच्या महिलांनी इंग्लंडला १-० ने हरवून फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. पदकं देण्याच्या समारंभात स्पॅनिश फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष लुइस रुबियालेस यांनी खेळाडू जेनी एर्मोसो यांचं संमतीविना चुंबन घेतलं. टीका झाल्यावर रुबियालेस यांनी सुरुवातीला ती उडवून लावली. ‘एवढं काय त्यात’ हाच सूर होता. पाच दिवसांनी त्यांनी राजीनामा द्यायला जाहीर नकार दिला. त्याच दिवशी एर्मोसो यांची सहकारी, दोनदा बालोन दोर जिंकलेली आलेक्सिया पुतेयास हिने समाजमाध्यमावर मोजके शब्द लिहिले. हे स्वीकारता येणार नाही, असं सांगून तिने पुढे लिहिलं, ‘से आकाबो’, म्हणजे ‘आता पुरे, संपलं’. आणि एर्मोसोसाठी ‘कोंतीगो’, म्हणजे ‘तुझ्यासोबत’.

‘से आकाबो’ ही स्पेनभर घोषणा झाली. सप्टेंबरमध्ये रुबियालेस यांनी पद सोडलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरवून दंड केला.

पुतेयासने मैत्रिणीला ‘नो पासा नादा’ म्हटलं नाही, ‘त्रांकीला’ही म्हटलं नाही. जे घडलं ते घडलं, हे आधी मान्य केलं आणि मग ‘मी तुझ्यासोबत आहे’ म्हणाली.

मग दुःखात काय म्हणायचं?

यासाठी स्पॅनिशने फार सुंदर शब्द राखून ठेवले आहेत.

‘लो स्येंतो’ हे आपण ‘सॉरी’साठी शिकतो. पण शब्दशः अर्थ आहे, ‘मला ते जाणवतं’. कुणाच्या घरी आजारपण असेल, कुणाचं लग्न मोडलं असेल, तर ‘लो स्येंतो मूचो’ म्हणतात. चूक आपली नसली तरी म्हणतात, कारण ती माफी नसते, सोबत असते.

कुणी गेलं, तर ‘ते आकोंपान्यो एन एल सेंतिम्येंतो’. म्हणजे ‘या भावनेत मी तुझ्याबरोबर चालते’. सांत्वनाला जाण्यासाठी जो शब्द आहे, ‘पेसामे’, त्याचा मूळ अर्थ ‘मला भार वाटतो’. तुझ्या दुःखाचा थोडा भार माझ्यावरही आहे. आपल्याकडे शोकाच्या घरी माणसं फार न बोलता नुसती शेजारी बसतात, त्यामागचा भाव हाच असावा.

आणि झालेलं खरोखर मागे टाकायची वेळ आली, की त्यांची एक म्हण आहे, ‘आग्वा पासादा नो म्वेवे मोलीनो’. वाहून गेलेलं पाणी पाणचक्की फिरवत नाही. आपण म्हणतो, झालं गेलं गंगेला मिळालं. दोन्हीकडे पाणीच. फक्त हे म्हणायची वेळ ज्याचं दुःख असेल, त्याने ठरवायची.

पटकन लक्षात ठेवायला

- तुमचा कप दुसऱ्याकडून फुटला: ‘नो पासा नादा’ (काही नाही हो).
- कुणी आभार मानले: ‘दे नादा’ (त्यात काय!).
- मित्र घाबरला आहे: ‘त्रांकीलो’, मैत्रीण असेल तर ‘त्रांकीला’, आणि मग मदतीला लागा.
- वडीलधाऱ्यांना धीर द्यायचा आहे: ‘नो से प्रेओकूपे’ (काळजी करू नका).
- मूल पडलं: ‘या पासो’ (गेलं गेलं).
- कुणाला उभारी द्यायची आहे: ‘आनिमो!’ (हिंमत धर).
- कुणी दुःखात आहे: ‘लो स्येंतो मूचो’ (मला फार वाईट वाटतं).
- टाळायचं: दुसऱ्याच्या दुःखावर ‘नो एस पारा तांतो’ (एवढं काय त्यात).

स्पॅनिश शिकत असाल, तर पुढच्या वेळी मालिका पाहताना ‘नो पासा नादा’ ऐकू आलं, की क्षणभर थांबा. नुकसान कोणाचं झालं आणि म्हणणाऱ्याने पुढे काय केलं, एवढं पाहा. अर्थ आपोआप कळेल.

आणि शिकत नसाल, तरी हीच परीक्षा घरात घेऊन पाहा. दहावीत मार्क कमी पडलेला मुलगा, गुडघे दुखतात म्हणणारी आजी, ऑफिसमधून त्रासून आलेली सून. ‘काही होत नाही’ तोंडातून निघायच्या आधी ‘काय झालं, सांग ना’ एवढं विचारा. बऱ्याचदा त्यानंतर दुसरं काही म्हणायची गरजच पडत नाही.